चोवीस ठोकळे, चोवीस भोकं

ग्रॅफाइट म्हटलं की लोकांना पेन्सिल आठवते. मला आठवतात दोन आकडे, ३८०१ आणि ८५४५. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मालाला असा एक आकडा द्यावा लागतो आणि त्यावरून आयातशुल्क ठरतं. तो आकडा लिहिणं हे माझं काम; एकोणीस वर्षं करतोय. ग्रॅफाइटचा कच्चा ठोकळा असेल तर ३८०१. तोच ठोकळा विजेच्या कामासाठी घडवून त्याचा इलेक्ट्रोड केला, की ८५४५. दोन्ही सारखेच काळे.

गेल्या वर्षी बिडकीनजवळच्या एका छोट्या वर्कशॉपसाठी मी चोवीस ठोकळ्यांचे कागद भरले. मालकीणबाईंची, म्हणजे ताईंची, ही पहिलीच आयात. त्या साचे बनवतात: ग्रॅफाइटला आकार द्यायचा, त्यातून वीज सोडायची आणि ठिणग्यांनी पोलाद कोरायचं. एक साचा द्यायला नऊ दिवस उरले होते. ती मुदत चुकली तर गिऱ्हाईक पुण्याला जाणार, हे ताईंनी मला दोनदा सांगितलं होतं. मी ३८०१ लिहिलं आणि आयातीचा माल तपासतात त्या डेपोत निर्धास्त गेलो.

पेटी उघडली. कस्टमच्या साहेबांनी एक ठोकळा उचलून फिरवला.

"हे काय?"

एका टोकाला आरपार भोक होतं. चोवीसही ठोकळ्यांना होतं. मी खिशातलं मापाचं व्हर्निअर लावलं. आठ मिलिमीटर.

"इलेक्ट्रोड मशीनला बसवायला भोक लागतं," साहेब म्हणाले. "म्हणजे हा अर्धवट घडवलेला इलेक्ट्रोड झाला. ८५४५. आणि तुमच्या कागदात भोकाचा उल्लेखच नाही."

मालाचे फोटो मी मागवलेच नव्हते. चूक माझी, आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला असता ताईंवर. वर माल अडकला असता तो वेगळाच. साहेबांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ दिला.

मी तडक बिडकीन गाठलं.

"भाऊ, एवढ्या उन्हात एका भोकासाठी आलात?" ताई म्हणाल्या.

"एका नाही, चोवीस."

मशीनवर साठीचे एक कारागीर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मी विचारलं, त्या भोकाचं तुम्ही काय करता?

"काय नाय. पयलं तेवढं टोक कापतो अन् फेकतो."

"कुठं फेकता?"

"भंगारात. आता काय कपाटात ठिवायचं व्हय?"

ताईंनी याआधी याच कंपनीचे सात ठोकळे एका व्यापाऱ्याकडून पेटीसकट घेतले होते. भंगारवाला अजून यायचा होता. मी बाह्या सारून पिंपात हात घातला. पहिलं टोक निघालं, भोकासकट. मग दुसरं. हातांना घाम आला होता आणि त्याला काळी भुकटी चिकटत होती, पण मला थांबवेना. सहा सापडली. सातवं डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होतं! शेल्फावरच्या तयार इलेक्ट्रोडची भोकं मोजली. ती दहा मिलिमीटरची, आटे पाडलेली आणि बरोबर मध्यावर. म्हणजे ही निराळी भोकं.

"मग ते लोक भोक पाडतात तरी कशाला?"

मामांनी मोटरसायकलची किल्ली माझ्यापुढं धरली. किल्लीला पत्र्याची चकती होती आणि चकतीवर नंबर.

"ही बांधाया. पण ठोकळ्याला चरा पडू नये म्हणून चकत्या पिशवीत घालून पेटीच्या तळाला टाकतात. लई चांगला पत्रा हाय, म्हणून मी एक ठिवली."

भोक नंबर बांधायला, मशीनला बसवायला नाही! मला तिथंच टाळी वाजवावीशी वाटली.

घरी, पुंडलिकनगरात, बायकोनं दारातच अडवलं. "कोळशाची वखार काढली का? तो शर्ट बाहेरच काढा."

सकाळी डेपोत साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सात टोकं मांडली. त्यांनी ती शांतपणे पाहिली.

"ही तुम्ही कालच कापून आणली नाहीत कशावरून?"

प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मीही तोच विचारला असता. म्हटलं, "साहेब, पेटीच्या तळाशी नंबरच्या चकत्यांची पिशवी असायला हवी. नसेल तर तुमचं म्हणणं मला मान्य."

हमालांनी एकेक ठोकळा बाहेर काढला. तळाशी लाकडाच्या भुशात एक फाटकी पिशवी होती. साहेबांनी स्वतः चकत्या मोजल्या.

"तेवीस."

चोवीस हव्या होत्या. मी गुडघ्यांवर बसून भुसा चाळायला लागलो. शेजारचा हमाल ओरडला, "ये क्या है, चचा?" त्याच्या चपलेखाली चोविसावी चकती!

साहेबांनी चकतीची तार एका भोकातून ओवली, नंबर ठोकळ्यावरच्या शिक्क्याशी ताडून पाहिला आणि माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसले. "३८०१ राहू द्या. पण भोकं आहेत हे आता लिहून द्या." मी लिहून दिलं. व्यास, जागा, संख्या, सगळं.

चारच्या सुमारास गाडी फाटकाबाहेर पडली. मी ताईंना फोन लावला. त्या माझ्याशी न बोलता थेट आत ओरडल्या, "मामा, माल निघाला! मशीन पुसून घ्या!"

"किती दिस ऱ्हायले?" लांबून मामांचा आवाज आला.

"आठ!"

"मग होतंय की!"