माईकवाल्या फुवांचं राहिलेलं नाव

या आठवणीत मी कोणाचंही नाव घेणार नाही. घाबरतो म्हणा हवं तर. आमच्या शहादा-प्रकाशाच्या पट्ट्यात एकाचं नाव घेतलं की राहिलेले शंभर जण रुसतात. रुसलेल्या माणसाची समजूत काढणं म्हणजे काय, ते मला माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात कळलं.

मी विनोदी नट आहे आणि टीव्हीवर सूत्रसंचालनही करतो. चेहरा बऱ्याच जणांना ओळखू येतो. नाव मात्र आठवत नाही. "तो हो, बायकांना डोळे बांधून भाज्या ओळखायला लावतो, तो," असं म्हणतात. कॉलेजचं गॅदरिंग, मग गावचं केबल चॅनल, मग मुंबईत एक हास्याचा कार्यक्रम, असा माझा प्रवास मी मुलाखतींत सांगतो. ते अर्धसत्य आहे. प्रवास सुरू झाला तो फुवांपासून.

फुवा म्हणजे माझ्या आत्याचे, आमच्या भाषेत फुईचे, यजमान. साखर कारखान्यात नोकरी आणि उरलेला सगळा जीव माईकमध्ये. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकांच्या आधी प्रत्येक मानाच्या पाहुण्याचं माईकवरून नाव घेऊन स्वागत करावं लागतं. कारखान्याचे संचालक, सरपंच, माजी सरपंच, निवडणुकीत पडलेले सरपंच, अक्कलकुव्याचे व्यापारी शेठ, मग सगळे सोयरे. मुहूर्त टळला तरी चालतो, नाव टळलेलं चालत नाही. फुवांनी चाळीस वर्षं हे काम हौसेनं केलं आणि त्यांच्याकडून एक नाव कधी राहिलं नाही. पाहुणा मोटारसायकल लावत असतानाच कर्ण्यावर त्याचं नाव यायचं आणि तो बिचारा किल्ली हातात धरूनच नमस्कार करायचा.

मी सातवीत असताना एका लग्नात फुवांना खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला. मी व्याह्यांचं स्वागत केलं आणि पाठोपाठ त्यांच्या मिशीचंही वेगळं स्वागत केलं. मांडव खदखदला. फुवांनी खोकत खोकत माफी मागितली आणि संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "हसाडता येस तुले. पण पह्यले नाव, मंग मिशी." या धंद्यातलं माझं शिक्षण एवढंच.

तर बहिणीचं लग्न. टीव्हीवरचा भाऊ घरात असताना माईक दुसऱ्या कोणाकडे कसा जाईल? फुवांनी स्वतः रात्री जागून पाहुण्यांची यादी केली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "आते तू धर. मी पुढे बठस."

मला यात काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी फुवा नवा सदरा घालून, केशरी फेटा बांधून पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर येऊन बसले, हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखे. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

मी सुटलो. नावं घेतली, कोट्या केल्या, दोन संचालकांच्या पोटांची तुलना केली, मंडळी पोट धरून हसली. यादी संपली तसं मी "अनवधानानं कोणी राहिलं असल्यास मोठ्या मनानं क्षमा करावी" हे नेहमीचं वाक्य टाकलं आणि भटजींकडे पाहिलं. तेवढ्यात वडील स्टेजवर आले. चेहरा पांढरा.

"फुवा उठी गया," ते माझ्या कानात म्हणाले. "त्यास्नं नाव लिधं का तू?"

मी यादी चाळली. वरून खाली, खालून वर. फुवांचं नाव नव्हतंच. असणार कसं? यादी त्यांच्याच अक्षरात होती, आणि माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला मानाच्या पाहुण्यांत कसं लिहील? निवेदक कधी स्वतःचं स्वागत करत नाही. चाळीस वर्षं गावभराची नावं घेणाऱ्या या माणसानं कर्ण्यावरून स्वतःचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. ते ऐकायला म्हणून तो आज फेटा बांधून आला होता.

मला माझीच लाज वाटली. ज्यांची तोंडंही बघवत नाहीत अशांची नावं मी टीव्हीवर हसत हसत घेतो.

फुवा रस्त्यापलीकडे लिंबाखाली रिकाम्या क्रेटवर बसले होते. मी धावत गेलो.

"फुवा, चला ना. लोके अक्षता हातमा लिसन उभा शेतस."

"मी कोठे अडावस? लागू द्या लगीन."

लग्न कसं लागणार? फुवा नाहीत तर फुई पुढे येणार नाही, आणि ती, त्यांची मोठी बहीण, पुढे आल्याशिवाय वडील अंतरपाट धरू देणार नाहीत. तिकडे नवरदेव उभ्यानं घामाघूम होत होता.

"मी आते लेस तुम्हनं नाव. सर्वास्ना पह्यले!"

"मांगी लिधेल मान कसाले पाहिजे? ढोरेस्ले घालू का?"

एक गोष्ट तेव्हाच माझ्या नजरेत आली होती. रस्त्यालगत एवढी मोकळी जागा पडलेली, आणि फुवा नेमके दुसरा कर्णा बांधलेल्या लिंबाखाली रुसायला बसले होते. पण मी बावळट, हातच जोडत राहिलो.

तेवढ्यात डोक्यावरचा कर्णा खरखरला. कोणीतरी माईकवर बोटानं टकटक केली, घसा साफ केला. फुई होती.

फुईनं नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. बँकेत साहेबांनी यजमानांचं नाव विचारलं तेव्हा तिनं शेजारणीला कोपर मारून सांगायला लावलं होतं. फुवांना हाक मारायची तर ती भांडं आपटायची. ती आता शंभर पाहुण्यांसमोर, कापऱ्या आवाजात, पण ठासून म्हणाली:

"गावभर नावे लिधात, घरनं ऱ्हायनं खाली..."

आणि फुवांचं पूर्ण नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग पुढची ओळ:

"...यास्नं नाव लेस मी, आज मीच माईकवाली!"

मांडवात शिट्ट्या झाल्या. बँडवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी दोन ठोके वाजवूनही टाकले.

मी फुवांकडे पाहिलं. ते क्रेटवरून उठले नव्हते. मान वर करून कर्ण्याकडे बघत होते, डोळे भरलेले, आणि खालचा ओठ दातांत धरलेला. मग त्यांनी फेटा सारखा केला आणि निवेदकाच्या कडक आवाजात मला म्हणाले,

"माईक तोंडपाईन दूर धरा तिन्ही. नाव नीट उनं नही. जाय, आखो एक डाव लेवाले सांग तिले. मंग मी येस."

मला तर नाव अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. पण मी फुईला पुन्हा एकदा नाव घ्यायला सांगायला मांडवाकडे धावत सुटलो.