चांदण्यांची बाही

आमच्या चांद्याकडे लोकर म्हटलं की लोक हसतात. हसा बापडे. उन्हाळ्यात आम्ही शिजतो हे खरं, पण पौषात पहाटे सिंदेवाहीच्या एखाद्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून बघा, दात आपसूक टाळ वाजवतात.

तर माझ्या नणंदेला चामोर्शीच्या मुलींच्या शाळेत विणकामाच्या बाईची जागा हवी होती. नवऱ्याला सोडून आलेली ती. घरात जो तो तिला "बिचारी" म्हणे, आणि तिला त्या शब्दाचा असा वीट आलेला की चामोर्शीच काय, चंद्रावर नोकरी असती तरी गेली असती. शाळा तपासणीच्या बाईंची अट एकच. हात धरून शिकवायचं नाही. गावातल्या मुलींना छापील कागद द्यायचा, त्यावरून त्यांनी घरी स्वेटरची बाही विणून आणायची.

नणंदेची बोटं हुशार, लिहिणं माझ्याकडे. मी बाही कागदावर मांडली. एक सुई, एक ओळ. "सु" म्हणजे सुलट टाका, "उ" म्हणजे उलट. ओळीच्या शेवटी चांदणी असली तर ती ओळ आणखी एकदा विणायची, दोन असल्या तर आणखी दोनदा. कागद घेऊन चांद्याच्या छापखान्यात गेले. खिळे जुळवणारे भाऊ चष्म्यावरून बघू लागले.

"बाई, कविता आहे का जी?"

"नाई भाऊ, बाही आहे."

"मंग इतकी जागा रिकामी काऊन सोडली? एकाले एक जोडून देतो, अर्ध्या कागदात बसते."

"जोडू नका! ओळ मोडली की बाही मोडली."

"बरं बरं. पण असं बोडकं छापलं तर लोक मले हसतीन."

गठ्ठा आला आणि आम्ही दोघी हरखलोच. ओळी सुट्या, ठसठशीत, भोवती वेलबुट्टीची चौकट. आणि जिथे ओळ आखूड, तिथे भाऊंनी रिकाम्या जागेत चांदण्या भरलेल्या, कुठे दोन, कुठे पाच.

"कसं दिवाळीवानी दिसून राह्यलं!" नणंद म्हणाली. आम्हाला ती नक्षी वाटली. तिनं मुलींना चांदणीचा नियम समजावला, वर दम दिला, "कागदात आहे तेच विणा. आपलं डोकं चालवाचं नाई."

मुलींनी डोकं चालवलं नाही.

तपासणीच्या दिवशी ओसरीवर बाह्या पसरल्या. टाके वाढवायच्या ओळीसुद्धा पुन्हा पुन्हा विणलेल्या, त्यामुळे लांबीला धोतर आणि रुंदीला पोतं. बाईंनी एकीत हात घातला, तो कुठे गेला ते दिसेना.

"हे काय आहे?"

 नणंदेनं कागद उचलला, चांदण्यांवर बोट फिरवलं आणि हसूच लागली. "बाई, छापणाऱ्यानं सजवलं, पोरींनी विणलं. कागदाबाहेर एकीनं बी टाका घातला असन तर दाखवा!"

बाईंनी बाह्या एकीवर एक ठेवल्या. काठाला काठ जुळला. मग कागद मांडीवर घेऊन ओळी ताडून बघत बसल्या. तोवर मी सगळे देव आळवले, शेजारणीचेसुद्धा.

"बाही कुणाच्या कामाची नाही," शेवटी बाई म्हणाल्या, "पण शिकवणं पक्कं आहे. छापखाना बदला."

नोकरीचा हुकूम आला त्या दिवशी सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. नणंद ट्रंक भरत होती.

"रडून काऊन राह्यली माय? चामोर्शीले चालली मी, सरणावर नाई."