नसीमचा कान आणि माझं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मध्येच मान हलवून “मला वाटलंच होतं” असं म्हणणार नाही. पुण्यात ही सोय फार कमी ठिकाणी मिळते.

पण आधी थोडी बढाई मारू द्या. कबुली द्यायला बसलेल्या माणसाने बढाई मारू नये, मान्य – पण काम मी खरंच चांगलं केलंय, त्याला मी तरी काय करू?

सुरुवात लग्नाच्या मांडवात कर्णे बांधण्यापासून झाली. पहिल्याच लग्नात मी भटजींचा माइक नेमका कर्ण्याच्या तोंडासमोर ठेवला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि माइकने अशी शिट्टी मारली, की नवऱ्या मुलाच्या हातातला हार खाली पडला. मुलीचे वडील माझ्यापाशी आले, अगदी शांतपणे म्हणाले, “अहो, लग्न लागतंय इथे. गाडी सुटत नाहीये.” तेव्हापासून माइक कुठे ठेवू नये हे मी कधी विसरलो नाही. कुठे ठेवावा हे शिकायला मात्र पुढची पंधरा वर्षं गेली – आणि तेही मी शिकलो. एका खोलीत टाळी वाजवून, तिथे गाणं कसं वाजेल ते मी सांगू शकत असे. सदाशिव पेठेत मागच्या बाजूच्या दोन खोल्या घेऊन मी स्वतःचा स्टुडिओ काढला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मार्केट यार्डातली गोणपाटं ठोकली. पहिले सहा महिने प्रत्येक गायकाला तानेच्या मध्यावर बटाट्याचा वास येत असे. पण ध्वनिमुद्रण? लोणावळ्यापलीकडून माणसं बसने यायची माझ्याकडे!

आता कानाचं. कानाचं सांगायचं म्हणजे – थांबा, कुठून सांगू?

विसर्जनापासून सांगतो. दर गणपतीत माझ्या ध्वनिक्षेपकांची भिंत मिरवणुकीत असे, आणि मी त्या भिंतीला पाठ टेकून उभा. दहा-बारा वर्षं. का? मिजास. माझा आवाज, माझी भिंत! लोक कानात कापूस घालून लांब उभे राहायचे, आणि मला त्यांची दया यायची.

चाळिशीच्या आसपास एके दिवशी स्टुडिओत तंबोरा जुळवणं चाललं होतं. तारेखाली रेशमाचा दोरा नेमका सरकवला की तंबोऱ्यातून जो बारीक, चमकदार झणकार उठतो, त्याला जवारी म्हणतात. गायक डोळे मिटून म्हणाले, “वा! काय जवारी बोलतेय!” मला फक्त खालचा घुमारा ऐकू येत होता. वरचा झणकार नव्हताच. मी म्हणालो, “वा!”

त्या ‘वा’पासून सगळं सुरू झालं.

घरी बायको म्हणायला लागली, “अहो, दारावरची बेल केव्हाची किणकिणतेय, बहिरे झालात का?” शेवटी तिनेच मला कान तपासायला धाडलं. काचेच्या खोलीत बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर यंत्रावर एक बाई बसल्या होत्या आणि त्यांचं बोट काचेत दिसत होतं. बोट खाली गेलं की मी बटण दाबायचो. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या हाताकडे बघत आवाजाची वेळ साधण्यात गेलेलं – मला ते अवघड होतं होय? डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान पाहिले नाहीत. तो अहवाल मी चौकट करून स्टुडिओत लावला. हसा, हसा. मीसुद्धा हसलो होतो. आणि बाहेर येऊन, स्कूटर सुरू न करता, बराच वेळ तिच्यावर नुसता बसून राहिलो होतो.

त्याच सुमारास नसीम तांबोळी कामाला आली. राहायला खडकी, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेली, बावीस वर्षांची, बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी एक फीत ऐकून म्हणाली, “सर, यात शब्दांतला ‘स’ कानाला टोचतोय. आणि मागे पंखा बारीक किरकिरतोय.” मला टोचत नव्हता, आणि पंखाही ऐकू येत नव्हता. मी काय म्हणालो असेन? “बरोबर. तू ओळखतेस का ते बघत होतो.”

झालं! ही माझी शिकवण्याची पद्धत ठरली. काय ऐकू येतंय? कुठे? किती? बटण तूच फिरव, मी बोलणार नाही. ती फिरवायची आणि मी तिच्या कपाळाकडे बघायचो. आठी पडली की अजून टोचतंय, आठी गेली की जमलं. “पुरे,” असं मी म्हणायचो – आठी गेल्यावर बरोब्बर एका क्षणाने. तिला वाटायचं, सरांचं आणि आपलं एकदमच जमतं. पुढे मी या पद्धतीवर व्याख्यानंही दिली. शिष्याला उत्तर सांगू नका, त्याला ऐकू द्या, वगैरे. टाळ्या पडल्या. पडलेल्या मी पाहिल्या.

याचा मला अभिमान आहे, हे लपवत नाही. माझ्या लबाडीतून का होईना, तिचा कान तयार झाला. असा कान मी दुसरा पाहिला नाही. मग एका वृद्ध गायिकेची कॅसेट आम्ही केली. नसीमने तंबोऱ्यासाठी वेगळा माइक मागितला, स्वतः जमिनीवर पालथी पडून तो इंच इंच सरकवला. कॅसेट निघाली, वर्तमानपत्रात लिहून आलं – तंबोऱ्याची जवारी इतकी जिवंत याआधी ऐकली नव्हती. वेष्टनावर ‘ध्वनिमुद्रण’ या शब्दापुढे एकच नाव होतं. माझं. त्या जवारीबद्दल माझे सत्कार झाले, आणि ती मी आजतागायत ऐकलेली नाही.

पण कबुली ही नाही. हे सगळं मी तुम्हाला चहा पिता पिता, हसवत सांगितलं असतं. मी नुसता गोल गोल फिरतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

नसीम अठ्ठावीस वर्षांची असताना मुंबईतल्या एका मोठ्या स्टुडिओने माणूस मागितला. स्वतंत्र काम, स्वतःच्या नावाने. तिने अर्ज केला, मला दाखवूनच केला. त्यातल्या दोन चुका मी दुरुस्त केल्या आणि म्हणालो, “जा. माझं नाव काढ.” ती म्हणाली, “सर, नाव तर तुमचंच निघतं नेहमी. या वेळी माझं बघू.” दोघंही हसलो.

चार दिवसांनी त्या स्टुडिओच्या मालकांचा फोन आला. दुपार होती. नसीम आतल्या खोलीत माइकच्या तारा गुंडाळत होती, मधलं दार बंद. ते म्हणाले, “तुमच्याकडची ती मुलगी – बाकी सगळं पसंत आहे. तुम्ही फक्त कानाचं सांगा. तुमचा शब्द शेवटचा.”

मी काय सांगायला हवं होतं?

मला दिसलं ते एवढंच – उद्या ही खुर्ची रिकामी, समोर गायक, आणि मी कुणाच्या कपाळाकडे बघणार?

मी म्हणालो, “हात चांगला आहे हो. कष्टाळू आहे. पण कान... कान अजून तयार व्हायचाय.”

पलीकडून “असं होय” एवढंच आलं. फोन ठेवला. माझा आवाज अजिबात थरथरला नव्हता. आवाजाचं मला कळतं.

नकाराचं पत्र आलं. त्यात कारणही होतं, माझ्याच शब्दांत, फक्त माझं नाव सोडून. तिने ते मला वाचून दाखवलं. “कान?” म्हणाली, “सर, कान?” मी म्हणालो, “मुंबईवाल्यांना काय कळतंय!” आणि तिच्यासाठी बटाटेवडे मागवले.

ती पुढे नऊ वर्षं माझ्याकडे राहिली. पण त्या पत्रानंतर एक गोष्ट बदलली. पूर्वी ती एकदा ऐकून सांगायची – टोचतंय, नाही टोचत. आता तीच फीत तीनदा, चारदा लावायची. “सर, मला वाटतंय... पण तुम्ही एकदा बघा.” जो कान मी आयुष्यात सगळ्यांत चांगला म्हणून ओळखला, त्याच्यावर तिचाच विश्वास राहिला नाही. ते मी केलं. विसर्जनाच्या भिंतीने नाही, वयाने नाही. मी, दुपारी, शुद्धीत.

आता तिचा स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे, खडकीत. नाव आहे, मुंबईहून कामं येतात. तरीही कुठलंही मोठं काम बाहेर देण्याआधी ती ते घेऊन माझ्याकडे येते. मी सत्तरी ओलांडलीय, आता तर रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा अर्धेच ऐकू येतात. ती यंत्र सुरू करते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसते.

परवा आली होती. कुणाचं तरी गाणं, मागे तंबोरा. संपल्यावर म्हणाली, “जवारी जास्त तर होत नाही ना, सर?”

मी डोळे मिटले, नेहमीइतका वेळ घेतला, आणि म्हणालो, “नाही. बरोब्बर आहे.”

तिच्या कपाळावरची आठी गेली.