पावसाळ्यापुरती खोली

लग्नानंतर आम्ही चोंढीला राहायला आलो, तेव्हा नवऱ्याला मांडव्याच्या जेटीवर नुकतीच नोकरी लागली होती. मुंबईहून गाड्यांसकट माणसं घेऊन येणारी बोट धक्क्याला लागली की दोर बांधायचे आणि गाड्या ओळीने खाली उतरवायच्या, हे त्याचं काम. त्या बोटीने आम्हाला पगार दिला, आणि तिच्यातून उतरलेल्या माणसांमुळेच आमचं घर गेलं. हे मी बोलून दाखवलं की नवरा उठून बाहेर जातो.

घर म्हणजे दोन खोल्या, काकूंच्या घराच्या मागे, नारळी-सुपारीच्या वाडीत. काकू म्हणजे आमची घरमालकीण. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा नवी मुंबईत. भाडं आम्हाला झेपेल असं होतं आणि काकूंना सोबत हवी होती. माझी मुलगी त्याच घरात जन्मली. तिला बोल फुटले तेव्हापासून ती काकूंना आजी म्हणायची, आणि काकूही शेजारणीला सांगताना "आमची नात" म्हणायच्या. मी तिथल्या मेडिकलच्या दुकानात काम करायची. संध्याकाळी परत येईपर्यंत मुलगी काकूंकडे जेवूनखाऊन झोपलेली असायची.

एका वर्षी काकू विहिरीपाशी घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या वेळी मुलगा आला, दोन-तीन दिवस राहिला आणि रजा नाही म्हणून परत गेला. पुढचे काही महिने त्यांचं सगळं मी केलं. त्यांना आंघोळ घालायची, शौचाचं भांडं द्यायचं, मलम लावायचं, रात्री हाक मारली तर उठायचं. दुकानातून मी रोज अर्धा दिवस सुट्टी मागून घेतली, तेवढा पगार कापला गेला. उपकार म्हणून मी काही केलं नाही, तेव्हा तसं मनातही आलं नव्हतं. आता येतं.

तोवर आजूबाजूला सगळं बदलायला लागलं होतं. शेजारची वाडी विकली गेली आणि तिथे निळ्या पाण्याचा हौद असलेला बंगला उठला. पलीकडच्यांनी गोठा पाडून त्याजागी अंघोळीची सोय असलेल्या तीन खोल्या बांधल्या आणि रस्त्यावर पाटी लावली. आम्ही महिनाभराचं जे भाडं द्यायचो, ते तिथे शनिवार-रविवारी येणारे लोक दोन रात्रींचं देत होते. हे काकूंनीच मला सांगितलं, नवल म्हणून. त्यातून पुढे काय होणार हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

होळी झाल्यावर काकूंचा मुलगा नवी गाडी घेऊन आला. आम्हा दोघांना पुढच्या पडवीत बोलावलं. चहा दिला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही घरच्याच आहात म्हणून आधी सांगतो. मागच्या खोल्या पाडून कॉटेज करायचंय. मे संपेपर्यंत बघा तुमचं."

नवऱ्याने भाडं वाढवून देतो म्हटलं. मुलाने विचारलं, किती? नवऱ्याने आकडा सांगितला आणि तो नुसता हसला. वाईट हसला असंही नाही, लहान मुलाने काहीतरी बोलावं तसं हसला.

काकू तिथेच बसल्या होत्या, विळीवर चिंच फोडत. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या काहीतरी बोलतील अशी माझी खात्री होती. मुलाचं मन वळवतील असं नाही, पण एखादं वाक्य तरी. त्यांनी मान वर केली नाही. चिंचोके एका बाजूला आणि गर एका बाजूला करत राहिल्या. आम्ही उठलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पोरीला ऊन लागंल, टोपी घाल."

मग शोध सुरू झाला. आधी अलिबाग बघितलं. तिथल्या एजंटने आम्हाला नव्या इमारतीत नेलं. चार मजल्यांवर सगळ्या दारांना कुलपं होती. मी विचारलं, इथे राहतं कोण? तो म्हणाला, मालक मुंबईला असतात, सुट्टीत येतात. फ्लॅट रिकामे आहेत तर भाड्याने देतील ना, असं मी म्हटलं. तर म्हणाला, देतील, पण रोजच्या राहणाऱ्याने भिंती खराब होतात. एका मालकाने फोनवर होकार दिला आणि शेवटी विचारलं, मासळी करता का? समुद्राकाठच्या गावात, बाजाराला लागून असलेल्या इमारतीत तो हे विचारत होता. करतो म्हटल्यावर त्याने फोन ठेवला.

किहीममध्ये तर किनाऱ्याला सगळे मुंबईकरांचे बंगले, तिथे आम्ही विचारायलाही गेलो नाही. दक्षिणेला सरकत सरकत रेवदंड्याला पोचलो. तिथे खाडीच्या बाजूला एका घराच्या माडीवर जागा मिळाली. भाडं चोंढीच्या जवळपासच होतं. मला विश्वास बसेना. घरमालक साठीचा, बोलायला मवाळ. त्याने किल्ली हातात देताना सांगितलं, "पावसाळाभर खुशाल राहा. दिवाळीला खाली करावं लागंल. दिवाळीपासून पावनं येतात, तवा आमचं चार पैसं हुतात."

म्हणजे पावसात जागा ओस पडते, बुरशी चढते, म्हणून तेवढ्यापुरतं माणूस हवं होतं. आमचं काम म्हणजे खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि गळेल तिथे बादली लावायची, आणि त्याचं भाडंही आम्हीच द्यायचं. तरी आम्ही हो म्हटलं, कारण मे संपला होता.

मुलीला तिथल्या शाळेत घातलं. मी मेडिकलची नोकरी सोडली, कारण रोज तेवढं जाणं-येणं जमेना. नवरा मोटारसायकलवर रेनकोट घालून मांडव्याला जायचा. पावसाळ्यात लहान लाँचा बंद असतात, मोठी बोट तेवढी चालते, म्हणून त्याला सुट्टी नसायची. माडीच्या खिडकीतून वाऱ्याने पाणी आत यायचं आणि कपडे महिनामहिना दमट राहायचे. मुलीने मात्र तिथे एक मैत्रीण केली, कोळीवाड्यातली. दोघी जिन्यात बसून खेळायच्या. दिवाळीचं मी तिला सांगितलं नव्हतं.

घटस्थापनेला रंगारी आले. मालकाने आधी कळवलंही नव्हतं. ते म्हणाले, तुम्ही राहा, आम्ही भोवतीने काम करतो. त्यांनी आमचं कपाट भिंतीपासून ओढलं, गादीवर प्लास्टिक टाकलं आणि भिंतींना पिवळा रंग द्यायला सुरुवात केली. मी त्याच खोलीत स्टोव्हवर भात करत होते. मुलीला वाटलं, आपल्यासाठी चाललंय. तिने विचारलं, माझ्या बाजूची भिंत गुलाबी करतील का? रंगाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मग ब्रश डब्यात बुडवला.

तळा या गावाचं नाव मला औषधांचा माल पोचवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सुचवलं. तो जिल्हाभर फिरायचा. म्हणाला, ताई, किनाऱ्यावर आता कुठेही बघू नका, तळ्याला जा. तिथे कुणी फिरायला येत नाही. तिथल्या एका मेडिकलमध्ये बाई हवी आहे, हेही त्यानेच सांगितलं.

तळा म्हणजे डोंगराच्या कुशीतलं तालुक्याचं गाव. कचेरी, बाजारपेठ, एसटी स्टँड, भोवती भातशेती. दोन खोल्या आणि मोरी मिळाली, भाडं चोंढीपेक्षाही कमी. पगारही कमी. आणि मांडवा इतका लांब की नवऱ्याने रोज येण्याचा प्रश्नच नव्हता. तो जेटीजवळ चौघांबरोबर एका खोलीत राहतो. सुट्टी त्याला मंगळवारी किंवा बुधवारी मिळते, कारण शनिवार-रविवारी बोट भरून येते. आदल्या रात्री एसटी बदलत बदलत येतो, तेव्हा मुलगी झोपलेली असते. सकाळी ती शाळेला जाते आणि संध्याकाळी परत येते, तेव्हा त्याची निघायची वेळ झालेली असते. त्याच्या खोलीचं भाडं आणि माझ्या खोलीचं भाडं मिळवलं, तर चोंढीपेक्षा जास्तच होतं. स्वस्त गाव शोधता शोधता आम्ही दोन घरांचं भाडं भरायला लागलो. हे आम्ही निघण्याआधी कागदावर मांडून बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं होतं. पण राहणार कुठे?

मे महिन्यात काकूंचा फोन आला. वर्षभरात पहिला. कॉटेज छान झालंय म्हणाल्या, एसी लावलाय, वाडीत झोका टांगलाय. पाहुणे रात्री मोठ्याने गाणी लावतात, झोप लागत नाही. मुलगा पैसे घ्यायला येतो आणि लगेच जातो. पायही परत दुखायला लागला आहे. मग त्या म्हणाल्या, "सुट्टीत पोरीला घेऊन ये गो चार दिस. मला करमत न्हाय."

मी विचारलं, "काकू, एका रात्रीचे किती घेता?"

त्या म्हणाल्या, "तुझ्याकडून घेईन का मी?"

"तेव्हा बोलायचं होतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, असं काही बोलले की बरं वाटेल. वाटलं नाही. दिवसभर दुकानात माझ्या हातून दोनदा चुकीच्या गोळ्या काढल्या गेल्या आणि मालक ओरडला. म्हातारी वाईट नाही, हे मला माहीत आहे. मुलाच्या जिवावर जगणारी बाई काय बोलणार, हेही कळतं. पण तिने मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं असतं, तर मी त्या मेमध्ये नक्की गेले असते. मुलीला मी फोनबद्दल काही सांगितलं नाही. ती अजून कधीतरी आजीचं नाव काढते, आता कमी झालंय.

गेल्या महिन्यात इथला घरमालक भाडं घ्यायला आला तो टेकला. एरवी दारातूनच जातो. म्हणाला, खाली समुद्राकडे बंदराचं काम वाढतंय, रस्ते रुंद होतायत, कंपनीचे साहेब लोक इकडे जागा विचारायला लागलेत. अजून काही ठरलेलं नाही, नुसतं कानावर घालतो. मी त्याला चहा दिला. त्याने वर कौलांकडे बघितलं, मग मोरीकडे बघितलं, आणि विचारलं की इथे कमोड बसेल का.

मी म्हटलं, बसेल.

तो गेल्यावर मी औषधांचा माल पोचवणाऱ्याला फोन लावला आणि विचारलं, तळ्याच्या पुढे काय आहे?