भुलीच्या डॉक्टरांची कट्टी

आमच्या ऑपरेशन थिएटरात भूल द्यायला येणारे डॉक्टर प्रत्येक मुलाशी आधी कट्टी घेतात. "काय गो बाय, मी तुला टोचणार आहे, घे कट्टी," म्हणत करंगळी पुढे करतात. पोरं रागाने करंगळी अडकवतात, तेवढ्यात हे तिची जाडी जोखतात. घशात घालायची श्वासाची नळी मुलाच्या करंगळीएवढी जाड, हा त्यांचा जुना ठोकताळा. मी तिथली नर्स, पण हे गुपित कुणाच्या आईला सांगत नाही.

नव्या भूलतज्ज्ञ मॅडम वयावरून नळीच्या मापाचं गणित मांडतात आणि कॅमेऱ्यात बघून नळी घालतात. "घशात बघायला टीव्ही कशाला?" असं डॉक्टर मला सांगतात, मॅडमना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

परवा गुहागरच्या एका मुलीचे टॉन्सिल काढायचे होते. मॅडमच्या गणिताने नळी करंगळीच्या मापापेक्षा अर्धा नंबर लहान निघाली. मुलीला भूल चढली होती, थांबायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी मॅडमच्या पडद्यावर एकदा बघितलं, आतली वाट अरुंद दिसली आणि मुकाट्याने लहान नळी मागितली. ती नीट बसली.

"पोरीच्या करंगळीला मुंगी चावली असणार," ते मला म्हणाले.

मुलगी शुद्धीवर आल्यावर त्यांनी बट्टीसाठी दोन बोटं पुढे केली. मग तीच दोन बोटं, माझ्याकडे न बघता, मॅडमपुढे धरली.