मयताच्या पानावरची पाखाडी

भागोजी शिगवणाला घाण सोसत नाही, आणि पोटासाठी त्याच्या नशिबी काय आलं, तर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधले जुने कागद उपसणं! वकिलाचा मुन्शी म्हणून पंचवीस वर्षं तो हेच करत आलाय. खिशात एक वेळ पेन नसेल, पण कापराची पुरचुंडी आणि साबणाचा तुकडा हवाच. वाडीतल्या बायका म्हणतात, भागोजी कुणाकडे गेला की आधी फुंकर मारतो, मग रुमाल अंथरतो, मग टेकतो. तोवर यजमानाचा चहा निवतो.

२००१ सालची गोष्ट. कोर्ट रत्नागिरी जिल्ह्यातलंच; तालुका विचारू नका, उगाच कुणाची सोयरीक मोडायची. रहिमाचाचीच्या घरी जायला एकच पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. शेजारचा नझीर कुवेतहून आला आणि आल्या आल्या त्यानं त्या पाखाडीवर चिऱ्यांचा आडवा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, रचायला घेतला. कमरेइतका झाला तेव्हा चाचीसाठी भागोजीच्या वकिलानं तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, तोही शुक्रवारपर्यंतचाच. चाचीच्या सासऱ्यांनी, हसन परकारांनी, नझीरच्या आजोबांवर याच पाखाडीसाठी दावा लावला होता आणि १९५८ साली निकालही त्यांच्या बाजूनं लागला होता. त्या निकालाची नक्कल शुक्रवारी पुढे ठेवली नाही, तर हुकूम उठणार, गडगा पुरा होणार, आणि पासष्टीची चाची जन्मभर नझीरच्या गोठ्यामागच्या शेणाच्या राड्यातून घर गाठणार.

सोमवारी भागोजी रेकॉर्ड रूममध्ये शिरला. दारातच वटवाघळांच्या लेंड्यांचा भपकारा आला. कोपऱ्यात नवा संगणक प्लॅस्टिकची झूल पांघरून बसलेला, त्याच्यावर रेकॉर्डकीपर आप्पांचा जेवणाचा डबा. आप्पांनी तोंडातला विडा एका गालात सारला, बोट जिभेवर टेकवलं आणि नोंदवहीचं पान उलटलं. पुन्हा बोट, पुन्हा जीभ, पुन्हा पान. त्या वहीचे कोपरे आप्पांच्या आधीच्या दहा आप्पांनी असेच तपकिरी करून ठेवले होते.  भागोजीनं वही ओढून घेतली आणि पेन्सिलीच्या टोकानं पानं उलटायला लागला.

"काय हो मुन्शी, आमची वही काय विटाळशी आहे?" आप्पा म्हणाले.

"वही नाय हो. वहीला काय बोलू?"

निकाली दावे वादीच्या नावाच्या पहिल्या अक्षराखाली लिहिलेले. 'ह' पाहिला, हसन नाही. आडनावावरून 'प' पाहिला, परकार तीन, पण तिघंही भलतेच. सोमवार गेला, मंगळवार गेला.

"नसेलच लावला दावा," आप्पा दात कोरत म्हणाले. "नायतर वाळवीनं खाल्ला."

"वाळवी बरी. ती निदान खाल्लेलं थुंकत तरी नाय," भागोजी पुटपुटला आणि हात धुवायला नळावर गेला. नळाखाली कुणी तरी चूळ टाकून ठेवलेली. तो हात न धुताच परतला.

बुधवारी दुपारी चाची कोर्टाच्या ओटीवर येऊन बसली. साडीचा काठ शेणानं माखलेला, कारण गडगा चढताना सोमवारी गुडघा फुटला आणि तेव्हापासून गोठ्यामागूनच यावं लागत होतं.

"चाची, सासऱ्यांचं कागदावरचं नाव हसनच ना?"

"मग काय दुसरं असेल रे?"

"निकालाचा कागद त्यांनी घरी आणला होता?"

"ते कुठले आणतायत! दावा चालू असतानाच बिचारे गेले. निकाल लागला तेव्हा कोर्टात सासू उभी होती."

भागोजी ताडकन उठला. चालू दाव्यात वादी वारला, की कागदावर नावाआधी 'मयत' लागतं आणि पुढे वारसांची नावं येतात. नोंद करणाऱ्या त्या वेळच्या कारकुनानं पहिला शब्द पाहिला असणार आणि तेच नाव धरलं असणार!

त्यानं 'म' काढला. सबंध तालुक्याचे मेलेले तिथे एका पंगतीला बसले होते. मयत भिकाजी, मयत गंगुबाई, मयत रामा. जात वेगळी, वाडी वेगळी, पण सगळ्यांचं पहिलं नाव मयत. चौथ्या पानावर मयत हसन परकार.

गठ्ठा सर्वांत खालच्या फळीवर निघाला. आत उंदरांचं घरटं, पालीची अंडी, आणि निकालाचं पान शेजारच्या पानाला चिकटलेलं. कशानं? कुणाच्या तरी जुन्या पिचकारीनं. भागोजीनं श्वास रोखला, पट्टी घालून पान सोडवलं आणि वाचलं: 'पाखाडी वादी व त्यांचे वारस यांचे वहिवाटीची आहे. प्रतिवादी व त्यांचे वारसांनी अडथळा करू नये.'

"बघा!" आप्पा मागून वाकून म्हणाले. "मी म्हटलंच होतं, सापडेल."

भागोजीला एवढी किळस उंदरांच्या घरट्याचीही आली नव्हती. तिथल्या तिथे त्यानं तातडीच्या नकलेचा अर्ज लिहिला आणि गुरुवारी शिक्क्याची नक्कल हातात पडेपर्यंत तो तिथून हलला नाही.

शुक्रवारी न्यायाधीशांनी ती दोनदा वाचली.

"आजोबांनी मला कधी काय सांगितलंच नाय," नझीर म्हणाला.

"हरलेलं कोण नातवाला सांगतो?" न्यायाधीश म्हणाले. हुकूम कायम झाला, आणि रचलेला गडगा आठ दिवसांत उतरवायचा, असंही बजावलं.

रविवारी नझीर स्वतः चिरे उतरवत होता. वाट मोकळी होताच आधी चाचीची बकरी टणाटण उड्या मारत गेली. मागून दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून चाची आली आणि थांबली.

"नझीर, ते चिरे नीट कडेला लाव हां, बाबा. उगाच कुणाची तरी वाट अडेल."