तातीची चव

पिंजारीचाचा घर सोडताना कुत्र्याला गावाचे नाव सांगून जात. खांद्यावर पिंजण्याची भली मोठी धनुकली, हातात धनुकलीच्या दोरीवर, म्हणजे तातीवर, ठोके द्यायचा लाकडी दस्ता, भुवयांत कालचाच कापूस. आंघोळ केली तरी तो कापूस पुरता निघत नसे. पायरीवर थांबून ते पिल्लाला सांगत, "आज कळसाडी. दिवस कलता येसू. गुमान बसजो." मग सावकाश निघत. दमलेला माणूस संध्याकाळी चालतो तसे ते सकाळीच चालत.

शहाद्याला आमची त्यांची भिंत एकच होती. चाची जाऊन दोन वर्षे झाली होती आणि घरात दुसरे कोणी नव्हते. पिल्लू कळसाडीचेच. चाचा तिथे एका अंगणात दोन दिवस कापूस पिंजत होते, तर हे काळे पिल्लू तातीचा तुणतुण आवाज ऐकत समोर बसून राहिले आणि परतीच्या गाडीमागे धावत आले. चाचांनी त्याला शेऱ्या म्हटले. नमाजाची खोली सोडून पडवी त्याला दिली. धनुकलीही पडवीतच टांगलेली असे, कारण ती आतल्या दारातून जात नसे.

चाचा गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले की शेऱ्या रडू लागे, ते थेट दुपारपर्यंत. मी दिवाळीच्या सुट्टीत सुरतेहून घरी आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील सरकी काढण्याच्या जिनात कापसाच्या गाड्या हाकत. वर्गात इंग्रजीत बोलायला उभे केले की माझा घसा बंद होई, म्हणून सुट्टीत पुष्कळ वाचायचे ठरवले होते. त्या रडण्याने वाचन होत नाही, असे मी घरमालक शेठजींजवळ बोललो. हे लिहिताना आजही संकोच वाटतो. इतरांनीही पुढे तक्रारी केल्या, पण पहिली माझी. शेठजींनी चाचांना बजावले की आणखी आठ दिवस पाहीन, नंतर पोत्यात घालून तापीपार सोडून देईन.

त्या संध्याकाळी चाचांनी माळ्यावरची जुनी धनुकली काढली, तिला कामातून उतरवलेली झिजकी तात बांधली आणि पडवीच्या खांबाला पिल्लाच्या तोंडाशी येईल अशी ती टांगली. शेऱ्याने पंजा मारला की तुण वाजे. तो दचकून मागे सरे, कान टवकारी, पुन्हा पंजा मारी, तात चाटी. दुसऱ्या दिवशी चाचा गेल्यावर भिंतीपलीकडून दिवसभर बेसूर तुणतुण ऐकू आली, रडणे नाही. आई म्हणाली, पिंजाऱ्याने चेला बरा तयार केला. चाचा त्या दिवसांत थोडे हसत. हसले की खोकला येई.

पाच-सहा दिवसांनी पहाटेची नमाज पढून ते पडवीत आले, तेव्हा त्यांची कामाची धनुकली सैल लोंबत होती. नवी तात शेऱ्याने खाल्ली होती. तात बकऱ्याच्या आतड्याची असते, हे पिंजाऱ्याच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक असते. चाचांनी हयातभर ती वळली, ओढली, वाजवली, पण ती खायची वस्तू आहे हे त्यांच्या मनात आले नव्हते. थंडी तोंडावर आलेली, गाद्या-गोधड्यांचे ऐन दिवस, आणि नवी तात नंदुरबारहून येईपर्यंत घरी बसणे आले. मला वाटले, आता मारतील. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "चूक मन्ही शे. चव मीच लाई दिधी."

जुनी धनुकली माळ्यावर गेली. एक-दोन दिवसांत तात आली की चाचा पुन्हा गावांना निघणार होते, आणि शेठजींच्या आठ दिवसांतले दोनच उरले होते. तेव्हा चाचा आमच्या ओट्याशी आले. मला ते मास्तर म्हणत, थोडे चिडवून.

"मास्तर, तू मनमा वाचस. मोठ्यानं वाच ना. त्याले वाटी, घरमा कोनीतरी शे."

तक्रार मीच केली होती हे त्यांना माहीत होते की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. मी भिंतीला पाठ लावून इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचू लागलो. पहिल्या दिवशी आवाज कापत होता. पलीकडे शेऱ्या भिंतीला अंग टेकून बसल्याचे कळे. मी अडलो की तो कुईकुई करी, म्हणून अडून चालत नसे. सुट्टी संपेपर्यंत तो रडला नाही. शेठजी पोते घेऊन आले नाहीत.

सुरतेला परतल्यावर वर्गात मला उभे केले, तेव्हा मी समोरच्या भिंतीकडे पाहून वाचले. घसा बंद झाला नाही. पण माझ्यामागे शेऱ्याचे काय झाले असेल, ही धास्ती मनात होतीच.

उन्हाळ्यात घरी आलो तर पलीकडे सगळे शांत. शेऱ्या पडवीत पसरला होता, चांगला दांडगा झाला होता. मी आईला विचारले, आता रडत नाही का? आई म्हणाली, रडेल कशाला, पिंजारीभाऊ संक्रांतीपासून घरीच आहेत.

कापूस छातीत बसला होता. चाचा पडवीतल्या खाटेवर उशाला टेकून होते. भुवया स्वच्छ, काळ्या-पांढऱ्या. त्या तशा मी प्रथमच पाहिल्या. मी खाटेच्या कडेला टेकलो. मी उठू लागलो तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पुस्तक लयना का? वाच."

मी म्हटले, चाचा, आता तर तुम्ही घरीच आहात, शेऱ्याला कशाला हवे?

"त्यानाकरता नही," ते म्हणाले. "मन्हाकरता वाच."

तुम्हाला इंग्रजी कसे समजणार, असे माझ्या तोंडून निघून गेले. त्यांनी शेऱ्याकडे बोट केले. "त्याले तरी काय समजे?"

मी पुस्तक आणले आणि खाटेजवळ जमिनीवर बसून वाचले. चाचांनी डोळे मिटले होते. मधे एका शब्दाला अडखळलो, तर कुईकुई झाली नाही. खाटेवरून हात खाली आला आणि दोन बोटांनी माझ्या खांद्यावर हळूच ठोका दिला, तातीवर द्यावा तसा. मी पुढे वाचू लागलो.